कुलवृत्तांताची नामसूची आणि निओफोरजेचे इंडेक्स : इंदुरातून एक परीक्षण

आमच्या कुलमंडळाच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती संगणकावर तयार करण्याचे काम गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले आणि त्यासाठी निओफोरजे या ग्राफ डेटाबेसची विनामूल्य कम्युनिटी आवृत्ती मी जवळजवळ वर्षभर वापरली. हे परीक्षण संपूर्ण उत्पादनाचे नाही. क्वेरीमध्ये, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, इंडेक्स (शोधसूची) केव्हा वापरला जातो, केव्हा वापरला जात नाही आणि मराठी नावांपाशी आल्यावर त्याचे काय होते, एवढाच त्याचा विषय आहे. कारण वर्षभरातला माझा निम्म्याहून अधिक वेळ याच प्रश्नात गेला.

ग्राफ डेटाबेस घेण्याचे कारण आधी सांगतो. मल्हाररावांच्या काळात माळव्यात आलेली, मग इंदूर, देवास, धार, उज्जैन, ग्वाल्हेर आणि बडोदे अशी पांगलेली आमची घराणी कागदावर झाडासारखी दिसतात, पण प्रत्यक्षात ती झाडे नाहीत. दत्तक गेलेल्या मुलाला दोन बाप असतात आणि दोन्ही वंशावळींत त्याचे नाव लागते. मामेबहिणीशी लग्न झाले की दोन फांद्या पुन्हा एकमेकींना मिळतात. एकाच कुळातली मुलगी दुसऱ्या शाखेतल्या सुनेची मावशीही निघते. पूर्वी एका संगणक-व्यावसायिकाकडून मंडळाने साध्या तक्त्यांवर चालणारी व्यवस्था करून घेतली होती. तिच्यात प्रत्येक व्यक्तीला वडिलांचा एकच रकाना होता आणि दत्तकांची नोंद शेऱ्यात लिहावी लागत असे. शेऱ्यातून नाते शोधता येत नाही. निओफोरजेमध्ये व्यक्ती हा नोड आणि नाते हा त्याला जोडणारा दुवा असतो, दुव्याला प्रकार असतो, आणि एका नोडला असे कितीही दुवे लावता येतात. ‘औरस’ आणि ‘दत्तक’ असे दोन वेगळे प्रकार ठेवले आणि शेऱ्यांची दोनशेच्या वर वाक्ये निकालात निघाली.

आता इंडेक्सकडे. छापील कुलवृत्तांत ज्यांनी हाताळला आहे त्यांना त्याच्या शेवटची नामसूची ठाऊक असते. आपण सूचीत नाव शोधतो, पृष्ठ मिळते, ते पान उघडतो, आणि तिथून पुढे मात्र सूची लागत नाही. बोट ठेवून वडील, आजोबा, चुलते असे वंशवृक्षावरूनच सरकत जातो. निओफोरजेची रचना नेमकी अशी आहे. नोडच्या नोंदीतच पहिल्या दुव्याचा पत्ता असतो, दुव्याच्या नोंदीत पुढच्या दुव्याचा. जुन्या प्रमाणित साठवण-पद्धतीत नोडची नोंद १५ बाइटांची आणि दुव्याची ३४ बाइटांची असे. नोंदी ठरावीक लांबीच्या असल्यामुळे क्रमांकावरून जागा थेट गुणाकाराने काढता येई. म्हणजे एका व्यक्तीवरून दुसरीवर जाताना इंडेक्सचे काम पडत नाही. इंडेक्स हवा असतो तो पहिले पाऊल कुठे ठेवायचे हे ठरवण्यासाठी. तक्त्यांच्या डेटाबेसमधून येणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, कारण तिथे प्रत्येक जोडणीला इंडेक्स लावायची सवय असते. मलाही ती होती, आणि पहिल्या आठवड्यात मी सात इंडेक्स करून ठेवले. पुढे ‘शो इंडेक्सेस’ या आज्ञेने दिसणाऱ्या तक्त्यातला वाचन-संख्येचा रकाना पाहिला तेव्हा त्यांतल्या तिघांसमोर शून्य होते. ते काढून टाकले. न वाचला जाणारा इंडेक्ससुद्धा प्रत्येक नव्या नोंदीच्या वेळी लिहावा लागतोच.

गंमत अशी की जो इंडेक्स खरोखर अत्यावश्यक होता, तोच त्या सातांत नव्हता. जुन्या वह्यांवरून केलेली फाइल चढवताना ‘मर्ज’ ही आज्ञा वापरतात. तिचा अर्थ ‘असेल तर शोध, नसेल तर तयार कर’ असा आहे. शोधायचे कशावरून, तर व्यक्तिक्रमांकावरून. त्या क्रमांकावर इंडेक्स नसल्यामुळे प्रत्येक ओळीला आधी भरलेल्या सर्व व्यक्ती तपासल्या जात होत्या. आमच्याकडे ११,४०० व्यक्ती आहेत. पहिल्या ओळीला शून्य तपासण्या, शेवटच्या ओळीला ११,३९९, सरासरी ५,७००. एकूण साडेसहा कोटींच्या आसपास. हे केवळ व्यक्तींचे झाले, नाती जोडताना दोन्ही टोके शोधायची असल्यामुळे ते आणखी वाढते. दुपारी सुरू केलेले काम मी संध्याकाळी थांबवले, व्यक्तिक्रमांकावर एकमेवतेचे, म्हणजे एक क्रमांक दोघांना लागू नये असे, बंधन घातले आणि तीच फाइल पुन्हा चढवली. चहा होईपर्यंत काम झाले होते. एकमेवतेचे बंधन घातले की त्याच्या पोटी इंडेक्स आपोआप तयार होतो, वेगळा करावा लागत नाही. चूक सर्वस्वी माझी होती, कारण हे मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. शिवाय फाइलमधून येणारे प्रत्येक मूल्य मजकूर म्हणूनच येते. क्रमांक संख्या म्हणून साठवला आणि शोधताना मजकूर म्हणून दिला, तर इंडेक्स इमानाने काहीच सापडले नाही असे सांगतो.

या उत्पादनातले मला सर्वांत आवडलेले अंग म्हणजे ‘प्रोफाइल’. क्वेरीच्या आधी हा एक शब्द लिहिला की क्वेरी चालून झाल्यावर तिचा आराखडा पायऱ्यापायऱ्यांनी दिसतो आणि प्रत्येक पायरीसमोर साठ्याला किती वेळा हात लावावा लागला याचा आकडा येतो. क्वेरी न चालवता केवळ आराखडा पाहायचा असेल तर ‘एक्सप्लेन’ आहे. इंडेक्स नसताना एका व्यक्तीच्या शोधासमोर ‘नोड बाय लेबल स्कॅन’ असे लिहून ११,४०१ हा आकडा आला होता, म्हणजे सर्व व्यक्ती आणि वर संपल्याची खात्री करणारी एक फेरी. बंधन घातल्यावर त्याच जागी ‘नोड युनिक इंडेक्स सीक’ आले आणि समोर २. ज्याला ग्राफ डेटाबेस शिकायचा आहे त्याने पुस्तकांआधी हे चित्र पाहावे, असे मी म्हणेन. लेबल म्हणजे नोडचा गट सांगणारी चिठ्ठी : व्यक्ती, गाव, मंदिर. ते न लिहिता क्वेरी केली तर तिथेच ‘ऑल नोड्स स्कॅन’ दिसते आणि गावे, मंदिरे, व्यक्ती सगळे एकाच रांगेत तपासले जातात. इंडेक्स नेहमी लेबल आणि गुणधर्म (नोडवर नोंदलेले नाव, जन्मवर्ष यांसारखी माहिती) या जोडीवर असतो, त्यामुळे लेबल वगळले की तोही हातचा जातो.

इंडेक्सच्या प्रकारांवर फार लिहीत नाही. जुना बी-ट्री प्रकार २०२२ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत काढून टाकला गेला आणि त्याच्या जागी रेंज, टेक्स्ट आणि पॉइंट असे प्रकार आले. समानता, लहान-मोठे आणि ‘अमुक अक्षराने सुरू होणारे’ यांसाठी रेंज. ‘मध्ये कुठेतरी अमुक अक्षरे असलेले’ यासाठी टेक्स्ट. बहुतेक कुलवृत्तांतांना रेंज पुरतो. एक बारकावा मात्र सांगायलाच हवा. ज्या नोडला तो गुणधर्मच नाही, तो नोड इंडेक्समध्ये नसतो. आमच्या सुरुवातीच्या पिढ्यांपैकी अनेकांचे जन्मवर्ष ठाऊक नाही, त्यामुळे ‘जन्मवर्ष नोंदलेले नाही अशा व्यक्ती दाखवा’ या क्वेरीला जन्मवर्षाचा इंडेक्स काहीही उपयोगी पडत नाही. गाव आणि जन्मवर्ष असा संयुक्त इंडेक्स केला तर तो दोन्ही अटी क्वेरीत असल्याखेरीज वापरला जात नाही, आणि वर्ष नसलेले पूर्वज त्यातूनही गळतात. शेवटी अशा व्यक्तींना मी ‘वर्ष अज्ञात’ असे वेगळे लेबलच लावले.

खरी परीक्षा प्लॅनरची होते. क्वेरीत दोन ठिकाणी इंडेक्स उपलब्ध असेल तर सुरुवात कुठून करायची हे प्लॅनर ठरवतो, आणि ते ठरवताना तो सरासरीवर विसंबतो. आमची एक नेहमीची क्वेरी अशी आहे : सध्या इंदुरात राहणारे आणि मूळ गाव अमुक असणारे सदस्य दाखवा. गावांचे नोड ३१०. ‘राहतो’ या प्रकारचे दुवे ४,२००, म्हणजे गावामागे सरासरी तेरा-चौदा. ‘मूळ गाव’ या प्रकारचे दुवे ११,४००, म्हणजे गावामागे सरासरी सदतीस. हे दोन आकडे समोर ठेवले तर कोणीही शहाणा माणूस राहत्या गावापासून सुरुवात करील, आणि प्लॅनरनेही तेच केले. परंतु राहते गाव इंदूर होते. एकट्या इंदुरात आमचे १,९०० लोक आहेत. लोकमान्यनगर आणि रामबागेतच ते पुष्कळसे भरतील. उलट ज्या मूळ गावाची चौकशी होती तिथून आलेल्यांची संख्या साठ. म्हणजे साठ जणांना त्यांचा पत्ता विचारण्याऐवजी १,९०० जणांना त्यांचे मूळ गाव विचारले गेले.

याला दोष म्हणता येणार नाही, कारण इंदूर हे नाव इतर ३०९ नावांपेक्षा वेगळे आहे हे एकसारख्या वाटपाच्या गृहीतकातून कळण्याची सोयच नाही. आडनावांचेही तसेच. सुनांच्या माहेरच्या आडनावांत जोशी आणि कुलकर्णी शेकड्यांनी निघतात, किबे बोटांवर मोजण्याइतके. पण इंडेक्सवरून अंदाज बांधताना एकूण नोंदी आणि वेगवेगळी मूल्ये यांचा भागाकार सर्वांना सारखाच लागू होतो. यावर उपाय म्हणून क्वेरीतच ‘यूजिंग इंडेक्स’ असे लिहून कोणत्या नोडसाठी कोणता इंडेक्स वापरायचा हे आपण सांगू शकतो. मूळ गावाच्या नोडला तशी सूचना दिली आणि आराखडा उलटला. साठ व्यक्ती, त्यांचे साठ पत्ते, काम संपले. सूचनेतला इंडेक्स अस्तित्वातच नसेल तर क्वेरी अडत नाही, केवळ इशारा येतो, तो वाचावा. अशा सूचना जपून वापराव्यात हेही खरे आहे, कारण उद्या कोणी बडोद्याच्या साठ जणांची आणि कोकणातल्या दोन हजारांच्या मूळ गावाची चौकशी केली, तर तीच सूचना उलटी पडेल. मी ती केवळ इंदूर आणि देवास या दोन शहरांच्या क्वेरींत ठेवली आहे.

आता मराठी नावांचा भाग, ज्यासाठी हे लिहायला घेतले. समितीतल्या एका काकांनी फोन करून तक्रार केली की त्यांच्या सासुरवाडीचे ‘कऱ्हाडे’ सापडत नाहीत. मी माझ्याकडे शोधले, सापडले. त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या संगणकावर पाहिले तर खरोखरच नव्हते. अक्षरे डोळ्यांना तंतोतंत सारखी होती. कारण असे की त्या ऱ्ह मधला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण संकेतांक-पद्धतीत, दोन रीतींनी लिहिता येतो : एकतर ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. त्यांचा कळफलक एक रीत वापरत होता, माझा दुसरी. इंडेक्स संकेतांक पाहतो, आकार पाहत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी आडनावे होती. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ही दोन रूपे एक होत नाहीत. त्यात आमच्या इंदुरी कागदपत्रांची भर : हिंदीतल्या शाळेच्या दाखल्यावर काळे यांचे काले होते, होळकरांचे होलकर होते, आणि शिंदे कधी शिन्दे असतात. इंग्रजीवाल्यांना लहान-मोठ्या अक्षरांची एकच कटकट. ती आपल्याला नाही, पण बदल्यात हे आहे.

पहिला मोह होतो तो क्वेरीतच अक्षरे बदलून तुलना करण्याचा, म्हणजे नोंदीतल्या नावातला ळ काढून ल घालायचा आणि मग पाहायचे. तसे केले की इंडेक्स गेला. गुणधर्माभोवती कोणतेही फंक्शन गुंडाळले तर मूळ मूल्यांचा इंडेक्स वापरता येत नाही आणि प्रोफाइलमध्ये पुन्हा ११,४०१ दिसू लागतात.

दुसरा मार्ग फुलटेक्स्ट इंडेक्सचा. तो ल्युसीन या मजकूर शोधणाऱ्या सॉफ्टवेअर-लायब्ररीवर उभा आहे, प्लॅनर स्वतःहून त्याला हात लावत नाही, आपण प्रोसीजर (डेटाबेसमधली तयार आज्ञावली) बोलावून त्याच्याकडून नोड मागवायचे आणि तिथून पुढे नेहमीसारखे नात्यांवरून चालायचे. शब्दांवर संस्कार करणारे विश्लेषक त्यात भाषावार मिळतात. मराठीसाठी विश्लेषक नाही, हिंदीसाठी आहे, म्हणून मी तो लावून पाहिला. सुरुवात झकास झाली. तो ऱ चा र करतो, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह काढून टाकतो, अर्ध्या न चा अनुस्वार करतो. त्यामुळे दोन्ही कऱ्हाडे एकत्र आले आणि शिंदे-शिन्देही. मग एका काकूंनी ‘सुधा’ असे शोधले आणि पडद्यावर सुधाबाईंच्या बरोबरीने सगळे सुधाकरराव येऊन उभे राहिले.

याचे मूळ हिंदी व्याकरणात आहे. हिंदीत ‘जाकर’, ‘खाकर’ ही क्रियापदाची रूपे असल्यामुळे हा विश्लेषक शब्दाच्या शेवटचे ‘ाकर’ आणि ‘कर’ प्रत्यय समजून छाटतो. सुधाकर यातून ‘सुध’ उरतो आणि सुधा यातला शेवटचा काना गेला की तिथेही ‘सुध’च. प्रभा आणि प्रभाकर यांचीही हीच गत. ज्या समाजात निम्मी आडनावे ‘कर’ने संपतात त्या समाजाच्या कुलवृत्तांताला हा विश्लेषक लावणे म्हणजे न्हाव्याकडे वस्तरा देऊन झोपी जाणे आहे. एक योगायोग मात्र मला फार आवडला : ‘होळकर’ या शब्दातून ‘कर’ छाटल्यावर ‘होळ’ उरते, आणि हे आडनाव होळ या गावावरूनच आलेले आहे. हिंदी क्रियापदाच्या नियमाने मराठी आडनावाची व्युत्पत्ती बिनचूक सांगितली. काळे आणि काले मात्र तो वेगळेच ठेवतो, कारण ळ ला तो स्पर्श करत नाही.

शेवटी जे केले ते साधे आहे. प्रत्येक व्यक्तीच्या नोडवर खऱ्या नावाशेजारी ‘शोधनाम’ नावाचा आणखी एक गुणधर्म ठेवला. नोंद लिहिली जातानाच आमच्या नियमांनी ते तयार होते : अदृश्य चिन्हे काढणे, ऱ चा र, ळ चा ल, अर्ध्या अनुनासिकाचा अनुस्वार. शोधणाऱ्याने लिहिलेल्या शब्दावरही आधी हेच संस्कार करायचे आणि मग शोधनामाच्या रेंज इंडेक्समध्ये नेमके तेच मूल्य शोधायचे. बदल क्वेरीच्या बाहेर होत असल्यामुळे इंडेक्स अबाधित राहतो. फुलटेक्स्ट इंडेक्स काढला नाही. चरित्रपर टिपणांत शोधण्यासाठी तो ठेवला, पण विश्लेषक बदलून, प्रत्यय न छाटणारा.

लग्नकार्यात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘आपले नाते काय लागते?’ यासाठी सर्वांत जवळचा मार्ग काढणारी सोय आहे आणि ती उत्तम चालते, मात्र दोन्ही टोके इंडेक्सने पक्की करून दिली पाहिजेत. आमच्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे ‘विष्णू रामचंद्र’ नऊ आहेत आणि ‘रामचंद्र विष्णू’ सात. केवळ नावांवरून विचारले तर नवाला सातने गुणून त्रेसष्ट जोड्यांची नाती काढली जातात. म्हणून पडद्यावर आधी नाव निवडायचे आणि क्वेरीला व्यक्तिक्रमांकच द्यायचा, असे ठेवले आहे.

उणिवा थोडक्यात. कम्युनिटी आवृत्तीत आपल्यासाठी एकच डेटाबेस ठेवता येतो आणि चालू स्थितीत प्रत काढता येत नाही. प्रतीसाठी तो थांबवावा लागतो, जे आमच्यासारख्यांना रविवारी रात्री सहज परवडते, दिवसरात्र चालणाऱ्या सेवेला परवडणार नाही. एखादा गुणधर्म असलाच पाहिजे असे बंधन या आवृत्तीत नाही, त्यामुळे शोधनाम भरले गेले की नाही हे आपणच तपासावे लागते. जुन्या लेखांत क्वेरीची सुरुवात ‘स्टार्ट’ या शब्दाने करून इंडेक्सचे नाव घेऊन शोधलेले दिसते. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत लेबलांवर आधारलेले इंडेक्स आल्यापासून ती पद्धत मागे पडली आहे, तेव्हा नवशिक्यांनी लेखाची तारीख पाहूनच वाचावे. दहा-बारा हजार व्यक्तींच्या कामासाठी मी हे उत्पादन निःसंकोच सुचवीन. जानुसग्राफसारखे मोठ्या पसाऱ्याचे पर्याय या आकाराला अवजड पडतात, कारण तिथे मजकुराच्या शोधासाठी वेगळी इंडेक्स-व्यवस्था शेजारी चालवावी लागते.

सध्या छापील आवृत्तीची नामसूची याच डेटाबेसमधून काढण्याचे काम चालू आहे. रेंज इंडेक्स मूल्ये क्रमानेच ठेवत असल्यामुळे वेगळे क्रम लावावे लागणार नाहीत अशी माझी समजूत होती, पण तो क्रम युनिकोडचा आहे. त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. म्हणून संगणकाने काढलेल्या यादीत काळे आधी आणि कावळे नंतर आले, आणि क्षीरसागर सगळ्या कौ च्या नंतर, पण ख च्या आधी जाऊन बसले. काकांनी ती पाने लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवली आहेत, आणि त्यांचा क्रम लावणारा स्वतंत्र गुणधर्म, ‘शोधनाम’च्या शेजारी, मी या आठवड्यात भरतो आहे.